आबांचं एस्टिमेट

कुठल्याही गृहस्थाचा मोबाईल उघडा, त्यात प्लंबर एकटा सापडत नाही. 'प्लंबर', 'प्लंबर नवा', 'प्लंबर चांगला' आणि 'प्लंबर उचलू नये' अशा चार नोंदी असतात. पहिले तिघे आपला फोन उचलत नाहीत. चौथ्याचा आपण उचलत नाही, कारण त्याचे मागचे पैसे राहिलेले असतात. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत मात्र या चारही नोंदींखाली एकच नंबर निघतो. तो आबांचा.

आबा पन्नाशीच्या पुढे कुठेतरी आहेत. अंगठीच्या जागी टेफलॉन टेपचं रीळ, खिशात हेक्साब्लेडचा अर्धा तुकडा आणि दुचाकीच्या पायाशी पोतं. पोत्यात पाईप पाना, छन्नी, हातोडी आणि आजवर लोकांच्या घरांतून काढलेल्या नळांचे अवशेष. मागच्या सीटवर खांद्यावर दहाफुटी पाईप घेतलेला पोऱ्या. ही वरात निघाली की पाईपचं एक टोक विठ्ठलवाडीत असतं आणि दुसरं राजाराम पुलाशी हॉर्न ऐकत असतं.

आबांना फोन करणाऱ्याला त्यांची वेळेची परिभाषा ठाऊक हवी. 'निघालोय' म्हणजे अजून आंघोळ व्हायची आहे. 'आलोच' म्हणजे चहा समोर आलाय. 'तुमच्या गेटवरच हाय' म्हणजे तुमची सोसायटी कोणती, ते एकदा सांगा. पण घरात पाणी पसरलंय असं सांगितलंत, तर आबा एका क्षणात गंभीर होतात आणि विचारतात, "मेन कॉक बंद केला का?"

इथे समोरचा गृहस्थ गप्प होतो. पीएफचा नंबर, गॅसचा ग्राहक क्रमांक, शाळेतल्या बाकावरच्या शेजाऱ्याचं आडनाव हे सगळं त्याला पाठ असतं. आपल्या घराचा मेन कॉक कुठे आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तो बहुधा मॉड्युलर किचनच्या मागे, माळ्यावरच्या गाद्यांच्या आड किंवा फॉल्स सीलिंगच्या पोटात असतो. सापडलाच तर फिरत नाही. जोर लावून फिरवला, तर मूठ हातात येते.

आबा आले की आधी काही बोलत नाहीत. ओट्याखाली वाकतात, टॉर्च मारतात, सांध्यावरून बोट फिरवतात आणि ते बोट अंगठ्यावर घासून बघतात. मग त्यांचा पहिला उद्गार येतो, "हे कुणी केलंय?"

सूर पंचनाम्याचा असतो. धागा उलटा गुंडाळलाय, सफेदा फासलाय पण आत गेला नाही, एल्बोच्या जागी नुसता पाईप तापवून वाकवलाय. आधीच्या कारागिराचा उद्धार पाच मिनिटं चालतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे असा उद्धार रंगात आला असताना त्यांनी शांतपणे सांगितलं, "आबा, हे तुम्हीच केलंय." आबांचा चेहरा जराही हलला नाही. "तरीच म्हणलं, इतकी वर्सं टिकलं कसं!"

आता एस्टिमेट. आबांच्या तोंडून आकडा काढणं हे भल्याभल्यांना जमलेलं नाही. "किती होतील?" असं विचारलं की उत्तर येतं, "तसं काय न्हाय, बघू." आणखी खोदलं तर, "तुमच्याकडनं काय जास्त घ्यायचंय?" तरीही नेट धरला, तर आबा भिंतीकडे बोट करतात. "आत काय हाय, त्ये मला दिसतंय व्हय?"

हे टाळाटाळीचं वाटतं, पण प्लंबिंगच्या खर्चाचं सगळं मर्म त्या बोटात आहे. समजा, नळ टपकतोय. काम वॉशर बदलायचं, त्याची किंमत पाच रुपये. नळाला पाना लावला की नळाबरोबर भिंतीतली निपलही फिरते. इमारत १९८८ सालची, निपल जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, आटे गंजून गेलेले. निम्मी निपल आबांच्या हातात येते, निम्मी भिंतीत राहते. ती काढायला छन्नी लागते आणि छन्नीच्या वाटेत टाइल येते. टाइल एक फुटते, शेजारच्या दोन तडकतात, आणि त्या डिझाइनची टाइल बनवणं कंपनीने कधीच बंद केलेलं असतं. "बसवून द्याल ना?" असं विचारलं की कळतं, टाइल हे गवंड्याचं काम. गवंडी वेगळा, त्याची मजुरी वेगळी आणि त्याचं 'आलोच'सुद्धा वेगळं. या टप्प्यावर आबा प्लंबिंगमधलं सगळ्यात महाग वाक्य उच्चारतात. "आता भित उघडलीच हाय, तर सगळी लाइनच बदलून घ्या."

गृहस्थाच्या मनात संशय उभा राहतो. आबांना तो कळतो. ते कापलेल्या पाईपचा वीतभर तुकडा फरशीवर आपटतात. तांबूस खपल्यांचा लहानसा ढीग पडतो. मग तो तुकडा गृहस्थाच्या डोळ्याला लावून खिडकीकडे बघायला सांगतात. अर्ध्या इंचाच्या पाईपमधून पेन्सिल जेमतेम जाईल एवढा उजेड दिसतो. वर्षानुवर्षांचा गंज आणि बोअरच्या जड पाण्याचा थर आतून चढलेला असतो. "ह्यातनं पाणी येतंय, ह्येच नशीब म्हणा," आबा सांगतात. गृहस्थ लाइन बदलायला कबूल होतो. यात आबांनी त्याला फसवलेलं नसतं. भिंतीच्या आतला खर्च कोणालाच आधी दिसत नाही, इतकंच.

त्यानंतर चिठ्ठी निघते. सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला आबा लिहितात: सीपीव्हीसी पाईप, एल्बो, टी, कपलर, एमटीए, एफटीए, सोल्युशनची डबी, टेफलॉन. ही चिठ्ठी हार्डवेअरच्या एका ठरावीक दुकानात न्यायची असते. त्या दुकानाचं आणि आबांचं काही कमिशनचं नातं असणार, अशी सोसायटीला दाट शंका आहे. दुसऱ्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी ते कमिशन वाचवायचं ठरवलं आणि माल स्वतः आणायला निघाले. दुकानदाराने विचारलं, "आटे आतून की बाहेरून?" काका घरी परतले. मग विचारलं, "अर्धा की पाऊण?" काका पुन्हा परतले. "साधा की पितळी आट्याचा?" हे ऐकल्यावर मात्र त्यांनी बँकेच्या सवयीने दोन्ही घेतले. पितळी आट्याच्या एका तुकड्याची किंमत साध्या प्लास्टिकच्या एल्बोच्या कैक पट असते, हे त्यांना बिल हातात पडल्यावर कळलं. कमिशन वाचलं. ते रिक्षाला गेलं.

घासाघीस करावी तर काकूंनीच. काम झाल्यावर त्या म्हणाल्या, "अर्ध्या तासाचं काम, पाच रुपयांचं वॉशर, आणि पाचशे रुपये?"

आबांनी पाना पुसला. "काकू, वॉशरचे पाच. बाकीचे चारशे पंच्याण्णव जिन्याचे."

"लिफ्ट आहे की!"

"लिफ्टमदी पाईप आणू नये, असा बोर्ड तुमच्याच सेक्रेटरींनी लावलाय. वॉचमनकडं नाव लिवलं. तुमचा कॉक फिरंना, म्हून गच्चीवर जाऊन टाकीचा बंद करायचा ठरवलं. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडं. सेक्रेटरी बागेत फिराया. त्येंना हुडकलं. किल्ली घेतली. परत वर. कॉक बंद केला, तवर पहिल्या मजल्यावरच्या वहिनी साबण लावून आत अडकल्या. त्येंचं ऐकून घेतलं. ह्यो अर्धा तास तुम्ही धरलाच न्हाई."

काकूंनी साडेचारशे दिले. पण त्याच काकूंनी त्याच महिन्यात चकचकीत क्रोमचा, ताटाएवढा रेन शॉवर घेतला होता, आणि दुकानात एक चकार शब्द न काढता. आबांचं दुःख नेमकं इथे आहे. "दिसतंय तिथं लोक हजारो रुपये घालत्यात, आन् भितीतल्या एल्बोला मातूर म्हणत्यात, हलका चालंल का."

तो शॉवर बसवण्याआधी आबांनी काकूंना सावध केलंच होतं. पाण्याला जोर येतो तो टाकीच्या उंचीमुळे. दहा मीटर, म्हणजे साधारण ३३ फूट उंचीच्या पाण्याला चौरस सेंटिमीटरमागे एक किलो दाब मिळतो. तळमजल्यावर नळ सोडला की बादली हलते. सगळ्यात वरच्या मजल्याच्या डोक्यावर टाकी अवघ्या काही फुटांवर, तिथे एवढ्या मोठ्या शॉवरमधून नुसते थेंब ओघळणार. "आधी पंप घ्या, मंग त्यो," असं आबा म्हणाले. काकूंचा मजला वरून दुसराच. त्यांना वाटलं, आबा पंप विकायला बघताहेत. शॉवर बसला. आता काकू त्याच्याखाली बादली ठेवतात आणि तांब्याने अंघोळ करतात. पाहुण्यांना मात्र तो आवर्जून दाखवतात.

खरी कसोटी लागते ती वरच्या आणि खालच्या फ्लॅटच्या भांडणात. खालच्याच्या छतावर ओल येते. वरचा म्हणतो, आमच्याकडे सगळं कोरडं आहे. दोघेही आबांना आपल्या बाजूने बोलायला लावतात. आबा आधी दोघांकडून व्हिजिटचे वेगवेगळे पैसे घेतात आणि मगच सांगतात, "पाणी जिथं दिसतंय, तिथं ते गळत नसतं." स्लॅबमध्ये झिरपलेलं पाणी उताराच्या वाटेने फिरत जातं आणि भलत्याच जागी उगवतं. म्हणून आबा वरच्या फ्लशच्या टाकीत रंग टाकतात. कोणी फ्लश न करताही भांड्यात रंग उतरला, तर टाकी आतून गळतेय. नहाणी ट्रॅपमध्ये वेगळा रंग ओततात. तो खालच्या छतावर उमटला, तर ट्रॅपभोवतीचा सांधा गेलाय. निकाल लागला की पैसे कोणी द्यायचे यावरून सभा भरते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींचा रोख सरळ आहे: सामाईक आणि बाहेरच्या पाईपची गळती संस्थेच्या खर्चाने, सदनिकेच्या आतली सभासदाच्या. पण एवढ्याशा भिंतीत 'आत' कुठे संपतं आणि 'बाहेर' कुठे सुरू होतं, यावर आमच्या सोसायटीने वार्षिक सभा खर्ची घातली आहे.

पुण्यात देखभालीच्या कामासाठी बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद असतं, त्यामुळे शुक्रवारी आबांची धांदल असते. पाणी सुटतं तेव्हा पाईपमध्ये धरलेली हवा नळातून फुसफुसत बाहेर पडते आणि मागोमाग गढूळ पाणी येतं. नळाच्या तोंडाच्या जाळीत वाळू अडकते. मग घराघरांतून फोन जातात, "आबा, प्रेशर गेलं!" आबा येतात, जाळी हाताने फिरवून काढतात, ओट्यावर आपटतात, जुन्या ब्रशने घासतात आणि परत बसवतात. याचे ते एक पैसा घेत नाहीत. उलट आपल्यालाच करायला लावतात. "ह्ये तुमी शिका. जाळी धुयाला प्लंबर बोलावला म्हणून कुणी ऐकलं, तर माझी अब्रू जाईल."

आबा मूळचे साताऱ्याच्या माण तालुक्यातले. उन्हाळ्यात त्यांच्या गावाला टँकर येतो. त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. एकदाच बोलले, काकूंचा नळ दुरुस्त करून पूर्ण सोडून बघताना. "आमच्याकडं नळ हाय, पाणी न्हाई. तुमच्याकडं पाणी हाय, नळ धड न्हाई." आणि लगेच नळ बंद केला.

आबांवर सोसायटीत रोज टीका होते आणि नळ टपकला की रोज त्यांनाच फोन जातो. ते उशिरा येतात, आकडा सांगत नाहीत, पसारा करून जातात, सोल्युशनची अर्धी डबी पोत्यात टाकून नेतात. पण त्यांनी जोडलेला सांधा गळत नाही. सोल्युशन लावल्यावर ठरलेला वेळ जाण्याआधी ते पाणी सोडू देत नाहीत, मग काकू कितीही कावोत. या शहरात एवढा एक गुण सापडला, तरी बाकीचं खपवून घेण्यासारखं असतं.

तेव्हा काम आबांकडून करून घ्या किंवा आणखी कोणाकडून. माल, मजुरी आणि फोडतोड-गवंडी हे तीन आकडे वेगवेगळे लिहून मागा, आणि भिंतीतल्या अनपेक्षित कामाचा दर आधीच विचारून ठेवा. उरलेला माल आणि दुकानाचं बिल हातात घ्या. नवी लाइन टाकली, तर टाइल बसवण्याआधी पाईप भरून, दाब देऊन निदान एक रात्र ठेवायला सांगा आणि उघड्या भिंतीचा फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना तोच उपयोगी पडतो. आणि आज संध्याकाळी गाद्या बाजूला करून घराचा मेन कॉक शोधा, हळूच फिरवून बघा. फिरला नाही, तर प्लंबरला आजच बोलवा. पाणी हॉलमध्ये आल्यानंतरचा दर वेगळा असतो.