सरदारांच्या गळ्यात लाळेरं

ऐकलंत का? जर्मन माणूस हाताने जेवतो! चारचौघांत, बोटं चाटत, वर पैसे मोजून! आपला पुण्याचा पोरगा श्टुटगार्टच्या कॅन्टीनमध्ये डब्यातली पोळी-भाजी हाताने खाऊ लागला की ज्यांच्या भुवया वर जातात, तीच मंडळी शनिवारी रात्री एखाद्या दगडी तळघरात कोंबडीची तंगडी दोन्ही हातांनी ओरपत बसलेली असतात. या थेराला म्हणतात ‘रिटरमाल’, म्हणजे मध्ययुगीन सरदारांची मेजवानी. बायर्नपासून बर्लिनपर्यंत किल्ले आणि जुनी तळघरं यावर चार पैसे कमावतात.

मेणबत्त्यांच्या उजेडात लाकडी बाकांवर सगळे खेटून बसले की आधी हातांवर पाणी घालतात. मग गळ्यात बांधतात ते भलंथोरलं लाळेरं. हो, लाळेरंच! पन्नाशीतला ऑडिटर, त्याची साहेबीण, तिचा नवरा, सगळे बारशाला आल्यासारखे. पहिला घास काळ्या पावाचा आणि त्यावर डुकराच्या चरबीचा जाड थर. सूप आलं की चमचा शोधू नका, वाडगा उचलून थेट तोंडाला लावायचा. हत्यार एकच, सुरी. मधाची दारू शिंगातून देतात, आणि शिंगाला बूड नसल्यामुळे ते रिकामं केल्याशिवाय खाली ठेवता येत नाही. ही युक्ती ज्या कलालाला सुचली त्याचे पाय धरावेत. मध्येच पाहुण्यांपैकी कुणाला तरी राजासाठी विषाची चव घ्यायला लावतात, तो धाडकन पडल्याचं सोंग करतो. कुणी आगाऊपणा केला की मान लाकडी खोड्यात! नाताळाच्या सुमारास ऑफिसांच्या पार्ट्या इथे होतात, तेव्हा खोड्यात कुणाला घालायचं यावर फार विचार करावा लागत नाही म्हणे.

आता खरी चहाडी ऐका. हा सगळा धिंगाणा शिस्तीत चालतो हो! आरक्षण आधीच करायचं, वेळेवर हजर व्हायचं, पदार्थ ठरल्या क्रमाने येणार. नकली चर्मपत्रावर गॉथिक अक्षरांत छापलेल्या यादीत प्रत्येक पदार्थापुढे बारीक चिन्हं असतात. ती कसली? अ‍ॅलर्जीची! ग्लूटेन, मोहरी, सेलरी धरून १४ गोष्टी कळवायचा युरोपीय नियम डिसेंबर २०१४ पासून लागू आहे आणि सरदारांनाही त्यातून सूट नाही. शेवटी चामड्याच्या कमरपट्ट्यातला सराईवाला मशीनमधून छापील पावती काढून हातात देतो, कारण २०२० पासून तीही सक्तीची. दांडगाई करावी ती जर्मनांनीच, करासकट!

बरं, ज्यांच्या नावाने ही बोंबाबोंब चालते ते सरदार तरी असे जेवत होते का? छे! तेराव्या शतकात टानहॉइझर नावाच्या कवीने पंगतीच्या रीतींवर चक्क पद्य रचलं: चावलेलं हाड पुन्हा थाळीत टाकू नका, टेबलाच्या कापडात नाक शिंकरू नका. (लोक ते करत असणार, नाहीतर सांगायची वेळ का यावी?) शुक्रवारी आणि ईस्टरआधीचे चाळीस दिवस मांस वर्ज्य. त्यावर भाविकांनी तोडगा काढला, बीव्हरची शेपटी म्हणजे मासाच! आणि गरीब कुळं बाजरी-वरीच्या जातीच्या भरडधान्याची पेज पीत. लाळेरं बांधून पेज प्यायला कोण पैसे देईल?

खमंग म्हणावं असं प्रकरण वेगळंच आहे. अशा काही जेवणावळी फिलिपिना वेल्सर या बाईच्या नावाच्या पाकपुस्तकावर बेतल्या जात. बाई सोळाव्या शतकातली, म्हणजे मध्ययुग केव्हाच आटोपलेलं, पण तिकडे कुणी लक्ष देऊ नये. आउग्सबुर्गच्या व्यापाऱ्याची ही लेक, आणि हिने १५५७ साली गुपचूप लग्न केलं ते थेट हाप्सबुर्ग घराण्यातल्या आर्चड्यूक फर्डिनांडशी! लग्न झाकायचं म्हणून पोटची पोरं किल्ल्याच्या दारात ‘सापडली’ असं दाखवून दत्तक घेतली. काय बाई धाडस! तिच्या नावाचं ते पुस्तक अजून इन्सब्रुकजवळच्या आम्ब्रास किल्ल्यात आहे.

आणि तिचं माहेर गबर होतं ते कशावर? इतर उलाढालींबरोबर आपल्याकडच्या मिऱ्यावर. १५०५ मध्ये हिंदुस्थानाकडे निघालेल्या पोर्तुगीज आरमारातल्या तीन जहाजांत वेल्सर, फुगर वगैरे जर्मन सावकारांचा पैसा होता. त्याच आरमाराने गोव्याच्या खाली, कारवारसमोर, अंजदीव बेटावर किल्ला उठवला. तेव्हा सरदारी मेजवानीतल्या रश्शात मिरी कमी वाटली तर बेधडक मागून घ्या, संकोच कसला!

शाकाहारी मंडळींनी मात्र आरक्षण करतानाच सांगून ठेवावं, नाहीतर रात्रभर मधाची दारू आणि सुका पाव. आधी सांगितलं तर भाजलेल्या भाज्या आणि मश्रूम मिळतात, सोबत हमखास बटाटा. तोच बटाटा, जो जर्मन शेतकऱ्यांनी लावावा म्हणून प्रशियाच्या फ्रीडरिख राजाला १७५६ मध्ये फर्मान काढावं लागलं होतं.