फळ न धरणारा मोहोर

सोलमधला वसंत सरकारी आहे. सोंगवल-दोंग भागात हवामान खात्याच्या वेधशाळेच्या आवारात चेरीचं एक झाड उभं आहे. त्याच्या एखाद्या फांदीवर तीन फुलं पुरती उमलली, की शहरात चेरी फुलल्याचं जाहीर होतं. तोवर तुमच्या खिडकीखालचं झाड पांढरंफेक पडलेलं असलं तरी ते गैरहजर. योइदोला संसद भवनाच्या मागच्या रस्त्यावर चेरीच्या रांगाच आहेत. तिथला बहर ठरवायला वेगळी झाडं नेमली आहेत: क्रमांक 118, 119 आणि 120. बिचारं 117 नंबरचं झाड कितीही जीव तोडून फुललं तरी त्याची दखल घ्यायची सोय नाही.

इथल्या विद्यापीठांचं पहिलं सत्र मार्चमध्ये सुरू होतं आणि मधली परीक्षा एप्रिलच्या उत्तरार्धात येते. चेरी फुलते नेमकी तिच्या तोंडावर. चेरी म्हणजे परीक्षेची वर्दी, हा इथल्या पोरांचा जुना विनोद आहे. तो सांगताना कुणी हसत मात्र नाही. फूल झाडावर टिकतं आठवडा, फार तर दहा दिवस. मध्ये पाऊस आला तर तेवढंही नाही. तेवढ्यात बघणं, फोटो, खाणं, प्रेमात पडणं आणि निम्मा अभ्यासक्रम हे सगळं उरकायचं असतं. कोरियन माणूस घायकुता म्हणून प्रसिद्ध आहे. माझा संशय असा की ही सवय त्याला चेरीने लावली.

आणि एवढी घाई करूनही फूल येतं ते स्वतःच्या मर्जीने. 2024 साली पूर्व किनाऱ्यावरच्या सोकचो शहराने मार्चअखेर चेरी महोत्सव ठरवला. सगळी तयारी झाली, फुलं तेवढी आली नाहीत. तेव्हा नगर प्रशासनाने चक्क जाहीर माफी मागितली, आभाळापुढे आपलं काही चालत नाही असं लिहून टाकलं, आणि पुढच्या आठवड्यात तोच महोत्सव पुन्हा भरवला. फुलांच्या वतीने माफी! आमच्याकडे रस्त्यांच्या वतीनेसुद्धा कुणी मागत नाही.

आमच्या लॅबमध्ये एक सीनियर आहे. त्याला नावाने हाक मारायची नाही, सनबे म्हणायचं. सहलींचं खातं त्याच्याकडे. काकाओटॉकच्या ग्रुपवर त्याचं वेळापत्रक पडतं: 10:40 ला स्टेशनवर भेटणे, 11:20 ते 11:50 फुले, 11:50 ते 12:10 सामूहिक फोटो, नंतर जेवण. मी भाबडेपणाने विचारलं, ‘नुसतं बसायचं कधी?’ त्याने गंभीरपणे वेळापत्रक उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि जेवणातली पंधरा मिनिटं कापून मला दिली.

चेरी दक्षिणेकडून फुलत वर येते, म्हणून खरे उतावळे आधी जिन्हे गाठतात. हे आरमाराचं गाव, आता चांगवन शहरात मोडतं. साडेतीन लाखांच्या आसपास चेरीची झाडं आहेत म्हणतात. मी गेलो त्या दिवशी प्रत्येक झाडाखाली सरासरी एक कुटुंब आणि एक छोटं केस विंचरलेलं कुत्रं असावं. 1952 साली इथे ॲडमिरल इ सुन-शिनचा पुतळा उभारला, त्याच्या स्मरणाचा सोहळा सुरू झाला आणि 1963 पासून त्याचाच आजचा महोत्सव झाला. सोळाव्या शतकाच्या शेवटी जपानी आरमाराची दाणादाण उडवणारा हा सेनापती. त्याच्या उत्सवाला लोक बघायला येतात ती चेरी, जिच्या मूळ गावावरून जपान आणि कोरियात वर्षानुवर्षं वाद आहे. 2018 साली कोरियन शास्त्रज्ञांनी जनुकं तपासली आणि जेजू बेटावरची रानटी चेरी निराळी व जपानची बागेतली निराळी, असा निवाडा दिला. वाद मिटला असं मात्र कुणी समजू नये.

जिन्हेत योज्वाचन नावाचा एक ओढा आहे. दोन्ही काठांनी चेरी, मधून छोटे पूल, आणि प्रत्येक पुलावर जोडपी. सनबेही आपल्या मैत्रिणीला घेऊन आला होता. कोरियन मुलगा प्रेयसीचा फोटो कसा काढतो ते जवळून बघण्यासारखं असतं. आधी तो पाठीवरची सॅक पोटावर घेतो. मग दोन्ही गुडघे वाकवून जमिनीला टेकेल इतका खाली जातो. मोबाइल उलटा धरतो, म्हणजे कॅमेरा अगदी तळाला येतो. तिचे बूट फोटोच्या खालच्या कडेला चिकटले पाहिजेत, म्हणजे पाय लांब दिसतात. हे सगळं जमेपर्यंत त्याच्या मांड्या थरथरायला लागतात. ती येते, फोटो बघते, आणि एक बोट वर करते: पुन्हा. सनबे पुन्हा खाली जातो. पीएचडीच्या तोंडी परीक्षेत त्याला एवढा घाम फुटला नसेल.

जिन्हेतल्याच ग्योंगह्वा स्टेशनात आता नेहमीची प्रवासी गाडी थांबत नाही. रुळावर एक गाडी फोटोपुरती उभी करून ठेवली आहे. तिच्यासमोरच्या रांगेत माझा नंबर आला तेव्हा मागच्या आजींनी माझ्या पाठीत कोपर घालून सुचवलं, की झालं तुझं. माझं झालं नव्हतं, पण आजींशी वाद घालायचा नसतो. इथे तर नाहीच.

आठवड्याभरात सोल फुललं. योइदोच्या त्या रस्त्यावर दुपारच्या गर्दीत उभं राहून मी घरी व्हिडिओ कॉल लावला. घर रत्नागिरीजवळ, दिवस आंबा काढणीचे. बाबा झेला हातात घेऊनच फोनवर आले. मी फोन वर केला आणि झाडं दाखवली.

‘बाप रे,’ बाबा म्हणाले, ‘फांदी दिसत नाही एवढा मोहोर! फळ किती धरतं रे?’

‘धरत नाही, बाबा. शोभेचं झाड आहे.’

पलीकडे शांतता. मग आईचा आवाज आला, ‘काय म्हणतोय?’

‘फळ धरत नाही म्हणतोय.’

‘मग लावलीत कशाला एवढी?’

बाबांमधला बागायतदार एवढ्यावर थांबणारा नव्हता. तुडतुडा पडतो का, फवारणी कितीदा करतात, झाडं रायवळ की कलमी? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. बागांतून लावतात ती चेरी बहुतेक एकाच झाडाची कलमं. म्हणून तर सगळी एकदम फुलतात आणि एकदम झडतात. हे ऐकल्यावर बाबांना या देशाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. ‘आणि अवकाळी आला तर?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळं गळतं. ‘अरेरे,’ बाबा म्हणाले, आणि ते मनापासून होतं. पाच मिनिटांपूर्वी ज्या झाडांचा उपयोग काय हे त्यांना कळत नव्हतं, त्यांच्या काळजीने त्यांनी तिथला हवामान अंदाज विचारून घेतला.

या झाडांतल्या काहींचं पूर्वायुष्य मी त्यांना सांगितलं नाही. जपानी वर्चस्वाच्या काळात चांगग्योंगगुंग या राजवाड्यात प्राणिसंग्रहालय थाटलं गेलं आणि चेरीची बाग लावली गेली. लोक रात्री दिवे लावून फुलं बघायला राजाच्या अंगणात यायचे, शेजारी वाघ. 1980 च्या दशकात राजवाडा पूर्ववत करायला घेतला. प्राणी दुसरीकडे हलले, आणि चेरीची बरीच झाडं उपटून त्यांतली काही योइदोला आणली. राजवाड्यातून निघून संसदेच्या मागे! झाडांनाही बढत्या-बदल्या असतात.

संध्याकाळी सगळी जनता हान नदीच्या काठी उतरते. चटया भाड्याने मिळतात. छोटे तंबूही, पण त्यांच्या दोन बाजू उघड्या ठेवायच्या असा महापालिकेचा नियम आहे. का, ते जोडप्यांना विचारावं. राम्यॉनचं, म्हणजे झटपट शेवयांचं, पाकीट घेऊन फॉइलच्या वाडग्यात टाकायचं, यंत्राखाली ठेवायचं, बटण दाबायचं. पाणी आपोआप पडतं, खाली शेगडी तापते, बाहेर वाफ, वर अंडं. मोबाइलवरून तळलेली कोंबडी मागवली की ठरलेल्या जागी डिलिव्हरीवाला येऊन उभा राहतो आणि चाळीस जण एकदम त्याच्याकडे धावतात. आमचा सनबे त्यातही पहिला. मला मिळालेली पंधरा मिनिटं मी इथे चटईवर आडवा होऊन वसूल केली. समोर नदी, तोंडात कोंबडी, डोक्यावर पाकळ्या. बारा मिनिटं झाल्यावर सनबेने घड्याळ दाखवलं.

मग एक दिवस पाऊस आला आणि रातोरात सगळं रस्त्यावर. सफाईवाले ब्लोअरने पाकळ्यांचे ढीग करत होते. मला वाटलं, आता तरी लोक अभ्यासाला बसतील. छे. डोंगरावर जिंदाल्ले, म्हणजे गुलाबी-जांभळी अझेलिया, फुललेली होती. तिच्या पाकळ्या तांदळाच्या पिठाच्या छोट्या थालीपिठांवर लावून तव्यावर परततात. त्याला ह्वाजॉन म्हणतात. मी फोटो पाठवला. आईचं लगेच उत्तर: ‘हे झाड बरं.’

14 एप्रिलला इथे ब्लॅक डे असतो. 14 फेब्रुवारीला मुली भेट देतात, 14 मार्चला मुलं परत करतात, आणि ज्यांचं दोन्हींत काही झालं नाही ते या दिवशी एकत्र बसून जाजांगम्यॉन खातात, काळ्या सोयाबीन सॉसमधल्या शेवया. कॅम्पसजवळच्या हॉटेलात आम्ही लॅबमधले एकटे जीव जमलो. शेवया येईपर्यंत परीक्षेबद्दल बोलायचं नाही असं ठरलं होतं. तेवढ्यात दार उघडून सनबे आला आणि काही न बोलता माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसला.

कुणीच काही विचारलं नाही. त्याने शेवया कालवल्या, दोन घास खाल्ले, मग खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. जिन्हेचा पूल, वर चेरी, ती उभी.

‘फोटो बघ,’ तो म्हणाला. ‘पाय किती लांब आलेत.’

आले होते खरे.