मामाचा गळीत हंगाम

हॅरी पॉटरच्या जगात नैराश्यावर चॉकलेट देतात. १९९९ साली आलेल्या तिसऱ्या पुस्तकात तेरा वर्षांचा हॅरी शाळेला जाणाऱ्या आगगाडीत बेशुद्ध पडतो, कारण डब्यात एक डिमेंटर शिरलेला असतो. डिमेंटर म्हणजे काळा झगा पांघरलेला, माणसातला सगळा आनंद शोषून घेणारा प्रकार. स्वतः भोगलेल्या नैराश्यातून तो सुचला, असं लेखिका जे. के. रोलिंग यांनीच सांगितलं आहे. त्याच डब्यात कोपऱ्यात झोपलेले ल्यूपिन सर उठतात, चॉकलेटची भली मोठी लादी काडकन मोडतात आणि पोरांना वाटतात. शाळेच्या दवाखान्यातल्या मॅडमनाही हे कळल्यावर बरं वाटतं. चला, एका तरी मास्तरला उपचार ठाऊक आहेत!

हे पान मी वाचलं तेव्हा माझी साखर बंद होती. हॅरीचं काय झालं, डिमेंटर कुठे गेला, यात मला काडीचा रस उरला नाही. लादी केवढी होती, एवढंच डोक्यात. आणि हा गाढव पोरगा ती हातात धरून बसतो, लगेच खात नाही! सर त्याला सांगतात, अरे खा, विष नाही घातलेलं त्यात. मी असतो तर कागदासकट खाल्ली असती.

साखर बंद झाली ती एचबीएवनसी या साखरेच्या रक्ततपासणीमुळे. आकडा ६.२ आला. ५.७ पर्यंत माणूस निर्दोष, ६.५ ला गुन्हा शाबित, आणि मधला सगळा काळ जामिनावर. डॉक्टर म्हणाले, वरची साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवा, सहा चमचे समजा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सुचवलेलं आहे. मी हिशेब केला. आमच्याकडे चहा कपाला दोन चमचे. म्हणजे पेपरातली स्थानिक पानं वाचून होईपर्यंतच मी जागतिक आरोग्याच्या विरोधात गेलेला असायचो. "गूळ चालेल ना?" असं मी आशेनं विचारलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं. त्यांच्या बघण्याचीही फी असावी.

आता, आम्ही राहतो कृष्णाकाठी. इकडे साखर सोडणं म्हणजे पंढरपुरात राहून विठोबाशी अबोला धरण्यासारखं आहे. १९५० च्या सुमाराला लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्यानंतर आमच्याकडे रस्ता, शाळा, कॉलेज, दवाखाना, आमदार, सगळं उसातूनच उगवलं. माझी साखर बंद झाली आणि इकडे कारखान्याचं बॉयलर अग्निप्रदीपन झालं. हंगाम सुरू झाला की वारा फिरेल तसा मळीचा वास घरात येतो. वर दिवाळीला सभासदांची सवलतीची साखर आली. शेअर वडिलांच्या वेळेपासूनचा. पोतं हॉलमध्ये, दिवाणाला टेकून, एखाद्या पाहुण्यासारखं बसलं. केंद्रीय बोर्डानं, म्हणजे सीबीएसईनं, २०२५ मध्ये शाळांना पोरांना सावध करण्यासाठी 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले, असं मी वाचलं. आमच्या जिल्ह्यात असा बोर्ड लागला तर लोक संचालकपदाची निवडणूक लागली समजून अर्ज भरायला येतील.

साखर सुटताना माणसाचं काय होतं, यावर प्रिन्स्टन विद्यापीठात उंदरांवर प्रयोग झालेले आहेत. रोज बारा तास उपाशी ठेवायचं आणि मग साखरेचं पाणी मोकळं सोडायचं. ते उंदीर तुटून पडायला लागले आणि साखर तोडल्यावर त्यांचे दात वाजायला लागले. ज्यांच्यापुढे साखर दिवसभर होती, त्यांचं असं काही झालं नाही. हे सांगायला प्रिन्स्टन कशाला हवं? एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आमच्या आजीला उंदीर न पाळता माहीत होतं. पण माणसाच्या बाबतीत याला व्यसन म्हणायचं की नाही, यावर तज्ज्ञांचं अजून जमलेलं नाही. मनोविकारांची जी अमेरिकन यादी जगभर वापरतात, त्या डीएसएम-५ मध्ये कॅफीन सोडल्यावर होणारा त्रास आहे, साखरेचा नाही. म्हणजे मी चहा सोडला असता तर रीतसर आजारी ठरलो असतो. साखर सोडली म्हणून नुसता चिडका ठरलो.

आणि चिडका म्हणजे किती! बायकोनं विचारलं, "अहो, भाजी कशी झालीय?" तर मी म्हणालो, "सगळं खोटं आहे." रिक्षावाल्यावर डाफरलो, शेजाऱ्याच्या कुत्र्याशी वाद घातला, टीव्हीवरच्या लाडवाच्या जाहिरातीत डोळे भरून आले.

भाची आमच्याकडे राहते. अकरावी सायन्स, वर प्रवेश परीक्षेचा क्लास. तिनं शांतपणे माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मामा, तू पंधरा वर्षांचा झालायस. थांब, तुला तुझ्या वयाची पुस्तकं देते."

अशी माझी कादंबऱ्यांतल्या दुःखी पोरांशी ओळख झाली. हॅरीचं पाचवं पुस्तक तर माझंच चरित्र निघालं. पंधरा वर्षांचा हॅरी त्यात जिवाभावाच्या मित्रांवर इतका ओरडतो की इंग्रजीत पानंच्या पानं मोठ्या अक्षरांत छापलेली आहेत. देवनागरीत ती सोय नसल्यामुळे मराठी माणसाला प्रत्यक्ष ओरडावं लागतं.

मग होल्डन कॉलफिल्ड. सॅलिंजरच्या १९५१ च्या कादंबरीतला. शाळेतून काढून टाकलेला सोळा वर्षांचा पोरगा डिसेंबरच्या थंडीत न्यूयॉर्कभर हिंडतो, भेटेल त्याला ढोंगी म्हणतो. धाकटा भाऊ रक्ताच्या कर्करोगानं गेलेला, त्या रात्री यानं गॅरेजच्या काचा मुठीनं फोडलेल्या. त्याला काय झालंय हे सबंध पुस्तकात कुणी धड सांगत नाही. बाहेर खायचं तर तो चीज सँडविच आणि माल्टेड मिल्क घेतो, आणि त्यात भरपूर व्हिटॅमिन असतं असा त्याचा पक्का समज. वाचून मला गलबलून आलं. आमच्या आख्ख्या पिढीच्या आयांनी कपात दोन चमचे तपकिरी पावडर घालून आम्हाला उंच आणि हुशार करायचा प्रयत्न केला. ही पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा, असं केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन दुकानांना २०२४ च्या एप्रिलमध्ये सांगितलं. तोवर आम्ही उंच व्हायचं वय उलटून गेलं होतं. हुशारीचं तुम्ही बघताच आहात.

पण होल्डनचा एक प्रसंग मला हसू देईना. शेवटी शेवटी तो एका स्वस्तातल्या हॉटेलात शिरतो, कॉफी आणि डोनट मागवतो आणि त्याला डोनट गिळता येत नाहीत. घास उतरत नाही. वेटर भला माणूस, तो ते परत नेतो, पैसेही लावत नाही. रोज रात्री फ्रिजसमोर उभं राहून मनातल्या मनात जिलब्या मोजणाऱ्या मला तेव्हा लख्ख दिसलं की हा माझ्या जातीचा नाही. मला गोड मिळत नव्हतं. त्याच्या पुढ्यात गोड होतं आणि ते आत जात नव्हतं.

मी हे भाचीला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर आहे. तुझी जिलबी गेलीय. दोन्ही सारखं धरू नकोस."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. ते तेव्हाच विचारायला हवं, हे आमच्या घराण्यात कुणाला सुचत नाही, कारण आमच्याकडे विचारायच्या आधी वाढतात. पास झालं की पेढे. नापास झालं की शिरा, "असू दे रे, खा." साखरपुडा मोडला, श्रीखंड आणलं. काकांची नोकरी गेली तेव्हा आजीनं पुरणपोळ्या केल्या, आणि काका तीन पोळ्या खाऊन झोपले, ते नोकरीबद्दल पुढे कुणाशीही बोलले नाहीत. तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही, आणि वाढणाऱ्यालाही ऐकावं लागत नाही. दोन्ही बाजूंची सोय.

बायकोनं एव्हाना पोतं तिच्या माहेरी धाडलं होतं. डब्यात चहापुरती, पाहुण्यांची साखर. अशात एका रविवारी क्लासच्या चाचणीचे मार्क आले आणि भाची जेवणाच्या टेबलाशी येऊन नुसतीच बसली. बायको सवयीनं उठली, रव्याचा डबा काढला, साखरेच्या डब्यात डोकावली, आणि परत येऊन बसली. आम्ही तिघं समोरासमोर. वाटी नाही, चमचा नाही, विषय बदलायला काही म्हणजे काही नाही. बराच वेळ गेला. मग ती बोलायला लागली. रात्री झोप लागत नाही. क्लासच्या जिन्यात पाय अडतात, छाती धडधडते, आता मरणारच असं वाटतं. किती दिवस? दिवाळीच्या आधीपासून. "मग बोलली का नाहीस?" "सांगणार होते. मामीनं करंज्या दिल्या."

धडधडीचं तिनं मला सिनेमा दाखवून समजावलं. 'इनसाइड आउट २', २०२४ चा. रायली नावाची तेरा वर्षांची हॉकी खेळणारी मुलगी, आणि तिच्या डोक्यात चिंता नावाचं एक नारिंगी, केस पिंजारलेलं पात्र. ते सगळी बटणं आपल्या ताब्यात घेतं, आणि मग शिक्षा म्हणून मैदानाबाहेर बसवलेल्या रायलीला श्वास घेता येईनासा होतो. चिंता तिचं वाईट करायला आलेली नसते, फार काळजी करत असते इतकंच. थेट आमची मोठी बहीण. शेवटी तिला हाकलून देत नाहीत, आरामखुर्चीत बसवून चहा देतात. त्यात साखर किती, ते मी नीट बघितलं. दाखवलेलं नाही.

आमच्या मराठी पोरांचं काय, म्हणून मी माझ्या कपाटाकडे गेलो. १९६३ साली 'कोसला' आली आणि त्याच वर्षी लंडनमध्ये सिल्व्हिया प्लाथची 'द बेल जार', टोपणनावानं. दोन्हीकडे शहरात आलेलं, आतून विझत चाललेलं पोर. तिकडची एकोणीस वर्षांची एस्थर विजेचे झटके सोसते, इस्पितळं बदलते, पण शेवटी तिला डॉक्टर नोलन भेटतात, ऐकून घेणाऱ्या. इकडचा पांडुरंग सांगवीकर धाकटी बहीण गेल्याचं दुःख घेऊन पुण्यात फिरतो आणि सांगवीला परततो. त्याला डॉक्टर नाही, नोलन नाही. त्याला कुणी विचारत नाही म्हणून तो आपल्याला सांगतो. 'शाळा'तल्या मुकुंद जोशीचं जरा बरं. नववीतल्या प्रेमाचं त्याला थोडंफार बोलता येतं, कारण घरात नरूमामा आहे. मराठी साहित्यातली मानसोपचाराची सगळी व्यवस्था दीर्घकाळ एका मामावर चाललेली आहे, हे वाचून मला फार जबाबदार वाटलं.

म्हणून फोन मीच लावला. टेलिमानस, १४४१६. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली सेवा, चोवीस तास, मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत. सरकारी म्हटल्यावर मी आधारकार्ड, रेशनकार्ड आणि सातबारा जवळ घेऊन बसलो होतो. पलीकडच्या बाईंनी त्यातलं काही मागितलं नाही. भाचीशी बोलल्या, आणि तिला प्रत्यक्ष समुपदेशकाकडे जायला सांगितलं.

ती आता दर गुरुवारी जाते. हॅरीलाही ल्यूपिन सर गुरुवारीच शिकवायचे. ते पान मात्र मी साखरेचा अंमल ओसरल्यावर नीट वाचलं. चॉकलेट हा तिथे नुसता प्रथमोपचार असतो, पोरगं उठून बसावं इतपत. डिमेंटरला परतवायला पॅट्रोनस लागतो, त्यासाठी खरोखर आनंदाची आठवण शोधावी लागते, आणि हॅरीला ती पहिल्या फटक्यात सापडत नाही. झाडूवर पहिल्यांदा बसल्याची आठवण पुरत नाही. तो पुन्हा पुन्हा पडतो, सर पुन्हा पुन्हा लादी मोडतात, म्हणतात, आज पुरे. हे चॉकलेट मला पटतं. ते बोलणं थांबवायला दिलेलं नाही.

माझं म्हणाल तर चहा आता बिनसाखरेचा आहे. पहिले काही आठवडे ते गरम दुःख होतं, मग एके दिवशी त्यात आलं लागलं, दूध लागलं. गाजर गोड असतं, हे मला या वयात कळलं. आकडा पुन्हा तपासायचा आहे. कुत्र्याशी समेट झालाय.

मागच्या गुरुवारी समुपदेशक बाईंनी घरच्यांपैकी कुणीतरी या म्हणून सांगितलं होतं, तेव्हा मी गेलो. भाचीच्या शेजारी खुर्ची होती. टेबलावर लिमलेटच्या गोळ्यांची बरणी. मी बरणीकडे पाठ करून बसलो. बाईंनी आधी सहज, सुरुवात म्हणून, मला विचारलं, "आणि तुम्ही कसे आहात?"

पन्नाशी उलटलेल्या माणसाला हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारत नाही. 'जेवलात का' विचारतात. मी सुरुवात एचबीएवनसीपासून केली. तिथून पोत्यावर आलो, पोत्यावरून वडिलांच्या शेअरवर, शेअरवरून वडिलांवर, मग काकांच्या त्या तीन पोळ्यांवर. मध्ये एकदा बाईंनी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला. मी घड्याळ बघितलं नाही. भाची बघत होती.

"मामा," ती शेवटी म्हणाली, "तू तुझा वेगळा नंबर लाव."