लांजीचा मूड

बालाघाट जिल्ह्यातली लांजी ही माझी सासुरवाडी. किल्ल्याचा पडका कोट, आत लांजकाईचं देऊळ, शिवाय कोटेश्वर महादेव. इंग्रजांनी 1867 नंतर भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे तुकडे जोडून हा जिल्हा केला, म्हणून इथल्या ओसरीवर हिंदी, पोवारी आणि मराठी एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या असतात. अशा गावाचा मूड चित्रात पकडायचं मी ठरवलं. पेस्टलमध्ये. वॉटरकलर जमत नाही आणि ऑइल परवडत नाही, हे कोणाला सांगितलं नाही. "देगासुद्धा पेस्टलच वापरायचा," असं त्या फ्रेंच चित्रकाराचं नाव पुढं करून सांगितलं. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारलं, "कोनत्या गावचा?"

पेस्टलच्या कांडीत रंगाची पूड असते आणि ती जेमतेम धरून ठेवण्यापुरता डिंक. तेल नाही, त्यामुळे वाळायची भानगड नाही. पण ही पूड नुसतीच कागदाच्या खरबरीत अंगावर टेकून राहते. माझा कागद होता लग्नपत्रिकेसारखा तुळतुळीत. त्यामुळे किल्ल्याचा पाया कागदावर कमी आणि आहेरात मिळालेल्या पांढऱ्या पँटवर जास्त उतरला. बुरुजांना अंबर लावला. या तपकिरी रंगात लोहाबरोबर मँगनीजची ऑक्साइडं असतात, आणि मँगनीज ही तर या जिल्ह्याची ओळख. भरवेलीची खाण बालाघाट शहराला लागूनच आहे. थोडक्यात, ज्या जिल्ह्यात ढिगानं पडलेलं आहे ते मी नागपूरहून डबीत विकत आणलं होतं.

मला हवी होती उदासी. ओसाड बुरूज, कलती उन्हं, गेलेलं राज्य वगैरे. लांजी उदास व्हायला तयारच नव्हती. नेमक्या बुरुजावर शेळी चढली. पोरांनी क्रिकेट मांडलं आणि मला स्क्वेअर लेगला धरलं. एक आजोबा बराच वेळ माझ्या पाटीकडे बघत उभे राहिले.

"का जी पटवारीसाहेब, मोजनी हाय का?"

मी नाही म्हणेपर्यंत बातमी पुढं गेली होती. घटकाभरात दोन भाऊ बांधाचं भांडण घेऊन हजर झाले. धाकट्यानं माझ्या चित्रात बोट घालून स्वतःची हद्द दाखवली. पेस्टल बोटानं पसरवतात, हे तंत्र त्याला माझ्यापेक्षा बरं जमलं. ती संध्याकाळ चित्रात तेवढीच बरी आली होती.

घरी आल्यावर रंग झडू नये म्हणून फिक्सेटिव्ह मारायला हवं होतं. ते नव्हतं. मेहुणीचा हेअरस्प्रे चालतो, असं कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून हात सैल सोडून मारला. फवाऱ्यानं पेस्टल गडद होतं. माझं तर काळवंडलंच: उन्हं गेली, बुरूज गेले, शेळीही गेली. वास मात्र लग्नघराचा.

मामाजींनी चष्मा लावून चित्र हातभर लांब धरलं. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला.

"आता जमलं, जावईबुवा. लाइट गेली का अशीच दिसते लांजी."