लोकेशनवाले आबा

आबांना ‘घर काय म्हणतंय?’ असं विचारलं की ते सांगतात, “सकाळी साडेआठपातूर झ्याक हाय. मग ऊन डोक्यावर येतंय, सोप्यात काळोख पडतोय. चारनंतर परत बघण्यासारकं.” घरातली माणसं कशी आहेत हे वेगळं विचारावं लागतं, आणि त्याचं उत्तर मिळेलच असं नाही.

आमचं गाव वाईच्या पंचक्रोशीत, कृष्णेच्या काठाला. गावाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण पडद्यावर ते आपल्या नावानं कधीच आलेलं नाही. या मुलखाचं नशीबच तसं. ‘मृत्युदंड’ १९९७ साली आणि ‘गंगाजल’ २००३ साली इथं बिहार घेऊन आले. ‘ओंकारा’ आणि ‘दबंग’वाल्यांना इथंच उत्तर प्रदेश सापडला, ‘चेन्नई एक्सप्रेस’वाल्यांना तर चक्क तमिळनाडू. मेणवलीत नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटाही तिथंच टांगलेली आहे. त्या घाटावर २००४च्या ‘स्वदेस’चं चरणपूर वसलं. एवढं सगळं झालं, पण वाईला वाई म्हणून काम क्वचितच मिळालं. कारणं व्यवहाराची आहेत. मुंबईहून सामानाचे ट्रक एका रात्रीत पोचतात, नटमंडळींना झोपायला वर पाचगणी-महाबळेश्वरची हॉटेलं आहेत, दगडी घाट आणि देवळं आयती आहेत, आणि ‘मागं सरा’ म्हटलं की आमची माणसं खरोखर मागं सरतात. पुढच्या मिनिटाला परत पुढं येतात, पण तेवढ्यात शॉट होऊन जातो.

तर या मुलखात आबांचा वाडा. पहिल्यांदा रेकीला, म्हणजे शूटिंगची जागा बघायला, माणसं आली तेव्हा आबा वाडा पाडायच्या तयारीत होते. कौलं उतरवायला गडी सांगितले होते, सिमेंटची पोती येऊन पडली होती. गाडीतून उतरलेल्या दाढीवाल्या पोरानं कडीपाटाकडे, मग पोपडे धरलेल्या भिंतीकडे, मग तुळईवरच्या जळमटांकडे पाहिलं आणि दोन्ही हातांची चौकट करून म्हणाला, “काका, कशालाही हात लावू नका.” आबांच्या हयातीत त्यांना काम करू नका असं सांगून वर पैसे देणारा हा पहिलाच इसम. त्यांनी गडी परत पाठवले. सिमेंट त्या पावसाळ्यात पोत्यातल्या पोत्यात दगड झालं. त्याच पोत्यांवर आता परड्यात काकी धुणं आपटतात.

तेव्हापासून वाड्यात दुरुस्ती बंद झाली आणि देखभाल सुरू झाली. या दोन्हींतला फरक आबांकडूनच ऐकावा. छप्पर गळता कामा नये, पण गळतंय असं दिसलं पाहिजे. वाळवीचं औषध दरसाल मारायचं, पण खांबाचं भोक बुजवायचं नाही. ते क्लोजअपमध्ये छान येतं. थोरल्या सूनबाईंनी एकदा हौसेनं देवळ्या पुसून काढल्या, तर आबा दोन दिवस जेवले नाहीत. “चाळीस वर्सांची काजळी व्हती ती. आता परत कवा बसायची?” शेवटी एका आर्ट डिपार्टमेंटनं येऊन अर्ध्या दिवसात नवी काजळी बसवून दिली, तेव्हा माणूस जेवायला आला.

आर्ट डिपार्टमेंटवर आबांची फार श्रद्धा. ही पोरं वाड्याचं पोलीस ठाणं करतात, दवाखाना करतात, जमीनदाराची हवेली करतात. प्रत्येक वेळी भिंतीला नवा रंग. परतीचा रंग देऊन जाणं करारात असतं, पण मागचा मूळ रंग कोणता होता यावर आता एकमत होत नाही. सोप्याच्या भिंतीवर नखानं खरवडलं तर खाली हिरवा, त्याखाली गेरू, त्याखाली ठाण्याचा निळा, आणि एका कोपऱ्यात ‘प्रभारी’ हा शब्द, हिंदी वळणाचा. त्या ठाण्याचा पत्र्याचा फलक आबांनी मागून घेतला. तो कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून आहे. संध्याकाळी कोंबड्या आपणहून त्याच्याखाली अटक होतात.

वाड्याला चार हिस्सेदार, आणि त्यांचा दावा वाईच्या कोर्टात आबांच्या वडिलांपासून चालू. चुलतभाऊ एकमेकांच्या मयतीलासुद्धा लांबून यायचे. पण प्रॉडक्शनवाल्यांच्या वकिलानं सांगितलं, उताऱ्यावर जेवढी नावं तेवढ्या सह्या हव्यात. जे दोन पिढ्यांच्या पंचांना जमलं नाही ते त्या एका वाक्यानं केलं. चौघेही एकाच दिवशी, एकाच ओट्यावर, आपापलं पेन घेऊन हजर. अर्थात भांडण मिटलं नाही, सुधारलं. पूर्वी कुणाचे किती खण यावर वाद होता. आता कुणाचा खण फ्रेममध्ये आला यावर आहे. धाकट्या चुलतभावानं साताऱ्याला जाऊन एक सिनेमा सलग दोन खेळ पाहिला आणि येऊन तक्रार केली, “आबा, ठरल्यालं येका शीनचं, माजा खांब तीन शीनात हाय. आन् गाण्यात तर हिरो त्येला टेकलाय.” आबांनी टेकण्याचे वेगळे पैसे दिले.

आबांची थट्टा गावात सगळे करतात, मीही करतो. पण आमच्या आळीत असे आणखी वाडे होते. त्यांचे नक्षीचे खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांनी नेले, दारं कुठल्याशा रिसॉर्टच्या स्वागतकक्षात गेली, आणि जागेवर गुलाबी बंगले आले. आबांचा वाडा उभा आहे. कुणाच्या वारसाप्रेमानं तो वाचला असता असं मला वाटत नाही, कारण वारसाप्रेमी मंडळी फोटो काढून चहा पिऊन जातात. हे लोक निदान डिपॉझिट ठेवतात.

वाड्यापाठोपाठ आबांनी शेतही कामाला लावलं. वाईची हळद नावाजलेली, आबांच्या मळ्यातही पूर्वी हळदच असायची. ती त्यांनी बंद केली. “माल सगळा जमिनीखाली. कॅमेऱ्याला काय दिसनार?” त्याऐवजी सूर्यफूल आलं, झेंडू आला, आणि रब्बीला बांधाकडेच्या तुकड्यात मोहरी. ही मोहरी पुण्याच्या प्री-वेडिंगवाल्यांसाठी. १९९५ साली ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मध्ये शाहरुख खान सरसोंच्या शेतात हात पसरून उभा राहिला, त्याची फळं आमच्या गावाला अजून मिळताहेत. पिवळा बहर जेमतेम काही आठवडे टिकतो, म्हणून त्या दिवसांत तासावर बुकिंग. बैलगाडी वेगळी, ड्रोन वेगळं, कपडे बदलायला माजघर वेगळं. बहर संपला की आबा मोहरी काढतात आणि वर्षभर काकींच्या फोडणीत ती तडतडत राहते.

प्री-वेडिंगला फोटोग्राफर असतो, पण आबाही असतात. धोतराचा सोगा सावरणाऱ्या आयटीतल्या मुलाला ते बांधावरून सूचना करतात, “नवरदेव, तिच्याकडं बघू नगा. लांब धरनाकडं बघा. आन् हसताय कशापायी? इचार करतोय असं दावा.” मुलगा खरोखरच विचारात पडतो. फोटो उत्तम येतो.

बैलजोडीचीही कथा आहे. सिनेमात जनावर दाखवायचं तर प्राणिकल्याण मंडळाची परवानगी लागते, जनावराच्या तब्येतीचा डॉक्टरी दाखला लागतो. तो दाखला आबांनी चौकट करून गोठ्यात लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात आणि म्हणतात, “बैलाचं झालं. मी तीन शिनेमात गर्दीत हुबा हाय, माजं बीपी कुनी बघितलं न्हाई.”

आयकराचा एक प्रकार मात्र आबांना आजवर पटलेला नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, इतपत त्यांना ठाऊक. वाईच्या सीएनं समजावलं की शूटिंगचं भाडं हे शेतीचं उत्पन्न नव्हे. आबा म्हणाले, “शेतात पिकल्यालं त्ये शेतीचं. शूटिंग कुटं झालं? शेतात. मग?” सीए म्हणाला, कायद्यात तसं नाही. आबा म्हणाले, मग कायद्यावाल्यांना लोकेशन दाखवायला आणा. शेवटी टीडीएस कापूनच पैसे येतात, आणि आबा टीडीएसचा उच्चार अशा सुरात करतात की नव्या माणसाला ते पिकावरच्या किडीचं नाव वाटावं.

काकी या सगळ्यापासून चार हात लांब. त्यांनी चूल एकदाच दिली. हिरॉईनला चूल पेटवताना रडायचं होतं. तिनं फुंकणी तोंडाला लावली आणि फुंकायच्या ऐवजी आत ओढलं. राख घशात गेली, डॉक्टर आला, दुपारपर्यंत शूटिंग बंद. “रडली मात्र खरंखुरं,” आबा सांगतात. काकींनी त्या दिवशी स्वयंपाकघराला आतून कडी घातली ती घातलीच. आत त्यांनी फरशी बसवली, गॅसचा ओटा केला, मिक्सर घेतला. वाड्यातली ही एकच खोली एकविसाव्या शतकात आहे, आणि आबा रेकीवाल्यांना तिच्यावरून घाईघाईनं पुढं नेतात.

पण आबांच्या धंद्याला खरी टक्कर देणारा माणूस शेजारचे तात्या. तात्यांनी आधीच आपला वाडा पाडून दुमजली स्लॅब घातला, गच्चीवर सिमेंटचा गरुड बसवला, आणि नंतर लक्षात आलं की आता त्या घराकडे कॅमेरा तोंड करत नाही. उलट ‘हे मागचं चीट करा’ म्हणून त्याच्यापुढं केळीची झाडं लावली जातात. तात्या हुशार. त्यांनी पाहिलं की हल्ली आवाजही जागेवरच रेकॉर्ड करतात. गिरणी बंद ठेवायला गिरणीवाल्याला पैसे मिळतात, देवळातली घंटा अर्धा तास मागं ढकलायला गुरव काहीतरी घेतो, आणि एका पोऱ्याला तर नुसता कोंबडा बगलेत धरून बसायचा रोज मिळाला. मग तात्यांनी विहिरीवरची मोटार शिस्तीत वापरायला सुरुवात केली. तिकडून ‘सायलेन्स, रोलिंग’ अशी आरोळी आली की इकडून मोटार धडधडायची. प्रॉडक्शनचा मुलगा धावत यायचा. तात्या म्हणायचे, “पिकाला पानी नको का? मान्सं काय खानार?” रक्कम ठरायची, मोटार थांबायची. पुढच्या शॉटला पिकाला परत तहान लागायची. एका वर्षी तात्यांचं विहिरीचं उत्पन्न उसापेक्षा जास्त झालं, असं आबाच दात-ओठ खात सांगत. “कष्टाचा पैसा न्हाई त्यो,” आबा म्हणत, “नुसता बटनाचा.”

आणि मग गेल्या हिवाळ्यात एका वेब सिरीजची माणसं आली. आबा दिंडी दरवाज्यात उभे राहिले, कडीपाट दाखवला, काजळी दाखवली, भोक पडलेला खांब दाखवला. दिग्दर्शक मुलगी सगळं बघून म्हणाली, छान आहे, पण हे फार वेळा झालंय. आम्हाला आत्ताचं गाव हवंय. आणि तिनं बोट दाखवलं ते गरुडाकडे.

आबा क्षणभरच गप्प झाले. मग तिला घेऊन स्वतः तात्यांच्या अंगणात गेले, आणि जणू तो गरुड आपणच घडवल्यासारखे बोलू लागले. गच्चीवर ऊन कुठून येतं, जिन्यात ट्रॉली कशी लागेल, जनरेटर कुठं लावायचा, सगळं. तात्या आधी हरखले. मग कथा कळली. त्यांच्या घरात खून होणार होता.

“माज्या घरात खून? अवो, म्हैन्याभरात सत्यनारायन हाय आमच्यात!”

आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत तो हात तिथं पहिल्यांदाच पडला असेल. मग ते त्या मुलीकडे वळले. “देवघर सोडून कुटंबी मारा. सोप्यात मारलं तर साधा रेट, वरल्या मजल्यावर मारलं तर जिना धरून जादा. रगात पुसायचं मानूस तुमचं. आन् मयत पुढल्या दारानं काडायची न्हाई, गाव हाय ह्ये.” सगळं लिहून घेतलं गेलं. सत्यनारायणाच्या प्रसादाचा खर्च प्रॉडक्शननं उचलायचा, हेही कलम आलं. आबांचं दहा टक्के कमिशन तात्यांच्या हिश्श्यातून, हे कलम आबांनी तोंडी ठेवलं.

खुनाच्या दिवशी पहाटेपासून गर्दी. तात्या नवा सदरा घालून गच्चीखाली, मोटारीचं बटण त्यांनी आदल्या रात्रीच बंद करून किल्ली खिशात ठेवलेली. दिवे लागले, मेकअप झाला, खून होणारा माणूस शेवटचा चहा पिऊन आत गेला. शांतता झाली. ‘रोलिंग’ अशी आरोळी आली, आणि त्याच क्षणी कुठेतरी मोटार धडधडू लागली.

सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी किल्ली वर करून दाखवली. आवाज आबांच्या मोहरीच्या तुकड्याकडून येत होता. प्रॉडक्शनचा मुलगा पळत गेला, त्याच्यामागे हातात किल्ली घेऊन तात्या. आबा बांधावर बसून तंबाखू मळत होते.

“आबा, आवं तुमी तर कमिशन घेतलंय न्हवं?” तात्या ओरडले.

आबांनी चिमूट दाढेखाली धरली. “कमिशन येगळं,” ते म्हणाले, “मोटार येगळी.”