मनात आणलं असतं तर

बुरोंडीत तात्यांचं कुणाशीही वाजलं तरी शेवट ठरलेला. आधी घड्याळ काढून खिशात जातं. मग उजवी बाही कोपराच्या वर. मग समोरच्याला आपादमस्तक न्याहाळून तात्या म्हणतात, "जा, सोडला तुला." घड्याळ परत बांधेपर्यंत समोरचा घरी पोचलेला असतो.

दापोलीच्या एस्टीत रुमाल टाकलेली सीट गेली, सोडली. हर्णैच्या लिलावात डोळ्यांदेखत सुरमई दुसऱ्याने उचलली, सोडली. शेजारच्या नानांनी गडगा हातभर आत सरकवला, तोही सोडला. फक्त सोडल्याची बातमी गावाला रोज मिळते. "मनात आणलं असतं तर..." हे वाक्य तात्यांनी पुरं केलेलं एरवी कुणी ऐकलेलं नाही.

बरं, अंगात जोर नाही म्हणावं तर साठी उलटलेला हा गृहस्थ भाताचं पोतं एकटा माळ्यावर चढवतो.

गावाजवळ पृथ्वीच्या गोलावर उभ्या परशुरामाचा पुतळा आहे. तिथे फोटो काढणाऱ्या पाहुण्यांना तात्या हटकतात. "एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली, ते सगळे मोजतात. मग जिंकलेलं सगळं कश्यपाला देऊन टाकलंन, न् समुद्र हटवून ही एवढी पट्टी घेतलीन. परशू होताच की हातात! बाविसावी वेळ सोडून दिलीन, ती कोण मोजतो?" पाहुणे मान डोलावतात आणि बीचचा रस्ता विचारतात.

काकू मात्र निर्धास्त. विळीवरून मान वर न करता म्हणतात, "बोलतायत ना? मग काही नाही. गप्प झाले की सांगा."

गप्प झालेले आम्ही एकदाच पाहिले. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. वारा पडल्यावर बघतो तर नानांचा फणस मुळासकट त्यांच्याच पडवीवर आडवा, आणि आत म्हातारी आई. तात्या कोयता-करवत घेऊन त्याच गडग्यावरून पलीकडे गेले. म्हातारीला बाहेर काढली, मग काळोख पडेस्तोवर फांद्या तोडत राहिले. तोंडातून अवाक्षर नाही. बाही दुमडायचीसुद्धा राहून गेली.

चार दिवसांनी नाना पैसे घेऊन आले.

"ठेव ते खिशात," तात्या म्हणाले. "मनात आणलं असतं तर फणसाबरोबर तुझा गडगाही काढला असता."

"मग आणायचं होतंस की," नाना म्हणाले. "अर्धा तसाही पडलाय. या लॉकडाऊनात चिरे उचलायला माणूस मिळत नाही."