वॅगनकाका

डेट्रॉइटच्या कुठल्याही उपनगरात घर घ्या, चार घरं सोडून एक वॅगनकाका राहत असतोच. (हे नाव आमच्या मराठी पोरांनी ठेवलेलं, त्याला अर्थ सांगितला तेव्हा पदवी मिळाल्यासारखा खूश झाला.) वय साठीच्या घरात, डोक्यावर ओल्ड्समोबिलची टोपी. ती मोटार 2004 साली बंद झाली, टोपी अजून चालू आहे.

त्याच्या मते जगात गाड्या 1996 पर्यंतच होत्या. त्या वर्षी ब्यूक रोडमास्टर इस्टेट आणि शेव्हरोले कॅप्रिस या शेवटच्या अगडबंब स्टेशन वॅगन बंद झाल्या. त्यानंतर रस्त्यावर जे काही फिरतंय, ते त्याच्या हिशेबी चाकं लावलेली कपाटं.

त्याचं कुलदैवत म्हणजे फोर्डची सत्तरच्या दशकातली कंट्री स्क्वायर. लांबी जवळजवळ 19 फूट. मागितलं तर साडेसात लिटरचं इंजिन मिळायचं, आणि ते लिटरमागे जेमतेम चार किलोमीटर जायचं. आपला माणूस एवढं ऐकूनच खिसा चाचपतो. काका म्हणतो, ‘‘पण पेट्रोल 35-40 सेंटला गॅलन होतं!’’ दोन्ही अंगांना लाकडी फळ्या. लाकूड कसलं, लाकडाचं चित्र छापलेला प्लास्टिकचा पापुद्रा! पण काका त्यावरून असा हात फिरवतो, जणू आजीचा शिसवी देव्हारा पुसतोय.

वॅगन म्हटलं की सगळे काका एक, असं मात्र समजू नका. दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. तिथे घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या दोन काकांसमोर नुसतं ‘मागचं दार’ म्हणावं आणि बाजूला व्हावं. जनरल मोटर्सच्या 1971 ते 76 च्या मोठ्या वॅगनमध्ये मागची काच वर छतात सरकायची आणि दार खाली गाडीच्या तळात गडप व्हायचं. फोर्डचं दार 1966 पासून फळीसारखं खालीही पडायचं आणि खोलीच्या दारासारखं बाजूलाही उघडायचं. या दोन दारांवरून साठीचे गृहस्थ एकमेकांची अक्कल काढतात. शैव-वैष्णवांचं भांडण निदान मोक्षासाठी तरी होतं.

मग निघते तिसरी सीट. काही वॅगनमध्ये पोरं मागे तोंड करून बसत आणि मागच्या गाडीवाल्याला वेडावून दाखवत. फोर्डपंथीयांना दोन छोटी बाकं समोरासमोर असत, म्हणजे भावाला लाथ मारायला वाकायला नको. पट्टे असत, पण ते सीटच्या फटीत, बिस्किटांच्या चुऱ्याखाली. उरलेली पोरं मागे गोधडीवर लोळत. आज असं कुणी नेलं तर पोलीस दारात येतील. ‘‘आम्ही काय मेलो का?’’ काका विचारतो. या प्रश्नाची गंमत अशी, की जो मेला तो हा प्रश्न विचारायला येत नाही. तीन राज्यं ओलांडेपर्यंत धाकटी बहीण किती वेळा ओकली, हे तो अशा प्रेमाने सांगतो की ऐकणाऱ्याला तीही जोडीला फुकट दिलेली सोय वाटावी.

वाहनाची परीक्षा घ्यायला त्याच्याकडे एकच प्रश्न: आठ बाय चारचं प्लायवूड आडवं टाकून मागचं दार बंद होतं का? मी एकदा अभिमानाने सांगितलं, आमच्या टाटांनीही 1992 साली ‘इस्टेट’ नावाची वॅगन काढली होती. काकाने भुवया उंचावल्या. ‘‘प्लायवूड?’’ म्हटलं, आमच्याकडे प्लायवूड हातगाडीवरून येतं. त्याने विषय हवामानाकडे वळवला.

एवढी भक्ती असूनही काकाच्या गॅरेजमध्ये एसयूव्ही आहे. ‘‘बर्फ फार पडतो,’’ तो खाली बघत म्हणतो. नवी कोरी वॅगन त्याने जन्मात घेतलेली नाही. कंपन्यांनी ती बनवावी, दुसऱ्या कुणी घ्यावी, दहा वर्षं वापरावी आणि मग आपल्याला स्वस्तात द्यावी, अशी त्याची साधी अपेक्षा. सुबारू आउटबॅक आहे की, असं सुचवून पाहिलं. ‘‘ती टाचा उंच केलेली वॅगन,’’ एवढंच उत्तर.

वॅगनच्या खुनाचा खटला तो दर थँक्सगिव्हिंगला टर्कीच्या साक्षीने चालवतो. आरोपी क्रमांक एक, 1973 ची अरबांची तेलबंदी. दोन, 1975 चा मायलेजचा कायदा. त्यात वॅगन मोटारींत मोजली गेली आणि मिनीव्हॅन, एसयूव्ही हलक्या ट्रकांत, सवलतीच्या पंगतीला. तीन, क्रायस्लरचा आयाकोका, ज्याने 1984 च्या मॉडेलची मिनीव्हॅन आणली.

मागच्या वर्षी मीही त्या जेवणाला होतो. काकाची नव्वदीला टेकलेली आई इतका वेळ बटाटे खात होती. तिने काटा खाली ठेवला.

‘‘आयाकोका नाही, मी मारली. ते धूड दुकानासमोर लावताना माझा खांदा निखळायचा. एक दिवस बदल्यात देऊन मिनीव्हॅन आणली. गॅरेजचं दार लागायला लागलं.’’

‘‘पण मॉम, प्लायवूड...’’

‘‘तिच्यातही जायचं, मागच्या सीट काढल्या की. मला एवढंच सांग, या घरात प्लायवूड आणलं कुणी कधी?’’

काकाने मला क्रॅनबेरी सॉस हवाय का, ते विचारलं.